जसा पिक्चर, तसं जेवण

आम्हा दोघींचा एक नियम होता: जसा पिक्चर, तसं जेवण. पिक्चर दक्षिणेतला असला की डोसा, पंजाबातला असला की छोले-भटुरे. एकदा भुताचा पिक्चर पाहिला. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आता काय खाणार?" तर ही म्हणाली, "भुताला उताऱ्यात काय ठेवत्यात? दहीभात! चल." आणि खरोखरच आम्ही हॉटेलात बसून दहीभात खाल्ला, वर लिंबूही मागितलं. वेटरला तिने कारण सांगितलं, तेव्हापासून तो बिचारा आमच्या टेबलाकडे फिरकेना.

ही माझी मैत्रीण. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा शिवणक्लासात शेजारच्या मशीनवर बसायची. माहेर अक्कलकोटकडच्या खेड्यातलं. बोलणं गावाकडचं, ते तिने कधी बदललं नाही आणि कधी थांबवलंही नाही. थिएटरात तर विचारूच नका. हिरो पडद्यावर, आणि ही खुर्चीतून त्याला सल्ले देणार. "आरं, तिच्या बापाला आधी इचार की!" मी चिमटे काढून काढून थकले.

गेल्या वर्षी तिच्या जिभेला एक फोड आला, तो जाईना. तंबाखू नाही, मिश्री नाही, पानसुद्धा नाही, तरी कॅन्सर निघाला. मला असा संताप आला की कित्येक दिवस मी देवापुढे दिवा लावायची आणि तोंड फिरवून उठायची. डॉक्टर म्हणाले, अर्धी जीभ काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं मात्र पहिल्यासारखं राहणार नाही. किती येईल ते नंतरच कळेल.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तिचाच फोन आला. "दुपारच्या खेळाला जाऊ. गावाकडचा पिक्चर लागलाय, हसायचा. मग भाकरी खाऊ."

"अगं, तुला तिखट सोसत नाही."

"तू गप ये."

थिएटर अर्धं रिकामं होतं. पहिल्या सीनपासूनच ती सुरू झाली. सरपंचाच्या धोतरावर बोलली, सासूच्या नाकावर बोलली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "मावशी, जरा गप बसा की. पिक्चर बघू द्या." एरवी मीच तिला गप्प केलं असतं. त्या दिवशी मी ताडकन उभी राहिले. "बोलणार ती! त्रास होत असेल तर तिकडं जाऊन बसा, ढीगभर खुर्च्या पडल्यात." माझा आवाज चिरकला होता. तिने पदर ओढून मला खाली बसवलं. "बस गं बया. त्याला काय म्हाईत?"

त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पडद्यावरचे संवाद नीट ऐकू आले, आणि आता त्यातला एकही आठवत नाही. लोक खो खो हसत होते. मी पदर तोंडात कोंबून रडून घेतलं.

हॉटेलात तिने सगळंच मागवलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगा चटणी, दही. कित्येक दिवस ती दूधभातावर होती. भाकरीचा तुकडा दह्यात कुस्करून तिने कसाबसा गिळला. मग बोटाच्या टोकावर चटणी घेतली. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला आणि चटणी सरळ जिभेवर ठेवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"झोंबलं ना? सांगत होते मी!"

"झोंबू दे की. झोंबतंय तवर माझी हाय."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या चालल्या होत्या. जीभ निवावी म्हणून तिने दही तोंडात धरलं. मग म्हणाली, "येक ऐक. आपरेशन झाल्यावर मी तुला फोन करीन. माझं बोलणं तुला कळायचं न्हाय. तवा उगं व्हय व्हय म्हणू नगंस. तसं समदीच म्हणतील, सून बी म्हणंल. तू म्हणायचं, पुन्यांदा बोल. धा डाव म्हण. मी धा डाव बोलीन."

"म्हणेन. तुझी शपथ."

"माझी नगं. मी आधीच लई अडकलीय की!" आणि ती हसली. मलाही हसू आलं, आणि मग दोघींना ते आवरेना.

ऑपरेशन नीट पार पडलं. ती घरात हिंडतेफिरते, पातळसं का होईना जेवते, आणि रोज दुपारी मला फोन करते. सुरुवातीला नुसता लाळेत बुडालेला आवाज यायचा. मी म्हणायची, "पुन्हा बोल." ती पुन्हा बोलायची, शब्द तोडून, धापा टाकत. अजूनही तसंच चालतं. कधी तिसऱ्या-चौथ्या वेळी उलगडा होतो, आणि बोलणं काय असतं, तर आज आमटीत गूळ जास्त पडला. पण कळलं की आम्हाला कोण आनंद होतो!

परवा तिने काहीतरी मोठं सांगायला घेतलं. आवाज रडवेला होता, म्हणजे आमटीचं नव्हतं. "पुन्हा बोल," मी म्हटलं. ती बोलली. "पुन्हा." बोलली. मी डोळे मिटले, फोन कानात खुपसला, दुसऱ्या कानात बोट घातलं. एक शब्द हाती लागेना. "पुन्हा बोल गं, मी ऐकतेय."

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तेवढं मात्र मला पहिल्याच वेळी कळलं.