दोराला हात लावला म्हणून

बोईसरच्या फलाटावर आई रडली नाही, सुक्या बोंबलांची पुडी माझ्या ट्रंकेत कोंबत राहिली. "परक्या मुलकात कोनाच्या तोंडाला लागू नको," एवढंच तिचं पालुपद. बाबांचं वेगळंच. "कोनाच्या होडीच्या दोराला हात लावलास, तर वाटा घे. लाजू नको." आमच्या घिवलीत रीतच तशी. होडी किनाऱ्याला लागली की जो ओढायला धावेल, त्यानं टोपलीतून कालवणापुरती मासळी उचलायची. विचारत बसणारा उलट खुळा ठरायचा.

ही रीत घेऊन मी आखातातल्या एका बंदरावर हमाल झालो, आणि मंडळी, तिथंच माती खाल्ली! सुट्टीच्या दिवशी काही माणसं होडी ओढताना दिसली. हात शिवशिवले. ओढू लागलो, मग टोपलीतले दोन मासे उचलून निघालो. ती मासळी विकत घेणारा व्यापारी बोंबलत मागे आणि त्याच्यामागे पोलीस.

कोठडीत इतकी दाटी की पाय लांब करायची सोय नाही. पाणी मागायचं तरी खुणा. चोर ठरून परत गेलो तर आईबाबा गावात तोंड कसं दाखवतील, हाच विचार.

कोर्टात खुणेनंच विचारलं, मासे घेतलेस? मी छाती काढून मान हलवली. घेतले म्हणजे काय, माझ्या वाट्याचे होते! व्यापारी खूश. म्हातारे काझी मात्र माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी निकाल थांबवला. याची भाषा कळणारा माणूस आणा, तोवर याला हवेशीर खोलीत ठेवा, आंघोळीला पाणी द्या, असा हुकूम केला. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसती बादली समोर आली, आणि मी तिच्यापाशी बसून ढसाढसा रडलो.

पुढच्या तारखेला कापडबाजारातले एक गुजराती शेठ दुभाषे म्हणून आले. "डर मत, सब बोल," म्हणाले. मग आईचा सल्ला गुंडाळून ठेवला आणि घिवलीची रीत सगळी सांगितली. काझींनी होडी चालवणाऱ्या तांडेलाला विचारलं, यानं दोर ओढला का? ओढला, आणि जीव तोडून ओढला, असं तो म्हणाला. मग ती मजुरी झाली, चोरी नाही, असं काझी म्हणाले. सुटलो!

माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांना सांगतो, अडकलात तर गप्प बसू नका. दुभाषा मागा. तो उपकार नाही, हक्क आहे.

त्यानंतर मी हट्टानं अरबी शिकलो. आपल्याकडचा कोणी पकडला गेला की कोर्ट आता मला बोलावतं. तुम्ही गावची मंडळी कळवता, तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहतंय, काम मिळेल, ये. येईन की. पण परवा कोठडीत वाणगावचा एक गडी भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी शेजारी बसलो. "दादा, घाबरू नको. काय झाला ता सांग, मी हाय." तो गर्रकन वळला. "तुमी आमचेकडचे?" एवढंच बोलला आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. घिवली सोडल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, आपण घरी आहोत.