फोनमधला एक खिळा

महादेवरावांनी नवा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि जुना परत मागितला.

"बिघडला का?" मी विचारले.

"बिघडाले काय झालं? नवरदेवावानी हाये. पन मले माहा जुना डब्बा वापस द्या, साहेब."

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात परत आलेला हा पहिलाच फोन. ट्रायलला तीन आठवडे झाले होते. फॉर्मवर 'परत करण्याचे कारण' असा रकाना होता. मी पेन उघडले.

"तुमच्या फोनानं माहा मानूस काढून टाकला," ते म्हणाले. "काहून काढला, ते लिवा."

या नोकरीआधी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. आमची आवृत्ती बंद झाली, तेव्हा पुण्याच्या एका मोबाइल कंपनीने मला घेतले. काम दोन प्रकारचे होते. स्क्रीनवर दिसणारी मराठी वाक्ये लिहायची आणि अमरावती-अकोला जिल्ह्यांत वापरून पाहायला दिलेल्या फोनांची विचारपूस ठेवायची. कापसाची ती वाईट वर्षे होती. महागडा स्मार्टफोन इथे खपणार नाही, साधा खपेल, असा कंपनीचा अंदाज होता. सगळा भर 'साधा' या शब्दावर होता.

होम स्क्रीन म्हणजे फोन उघडल्यावर दिसणारे पहिले पान. आमच्या फोनच्या त्या पानावर फक्त चार मोठे फोटो होते. फोटोवर बोट ठेवले की त्या माणसाला फोन लागत असे. चार माणसे कोणती, हे फोन स्वतः ठरवी. ज्याच्याशी बोलणे जास्त, तो पानावर. बाकीचे मागच्या यादीत, अक्षरांच्या क्रमाने. सेटिंग एकही नव्हते. पुण्यातले डिझाइन प्रमुख नचिकेत सर नेहमी म्हणत, "निवडायला लावलं की माणूस घाबरतो. फोननेच निवडायचं." हे खोटे नव्हते. बहुतेक घरांत फोन आवडला होता.

महादेवराव धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातले शेतकरी. वय सत्तरीचे. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे मागची यादी त्यांना असून नसल्यासारखी होती.

"कोणता माणूस काढला?"

"हबीब."

हबीबभाई आणि ते धामणगावच्या एका जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथे यंत्रांचा आवाज इतका असतो की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कामगार खुणांनी बोलतात. दुपारी चार वाजता दोघांपैकी एक जण मूठ ओठांपाशी नेऊन दोनदा हलवायचा. दुसरा हात वर करायचा. म्हणजे, चहाला चल; आलो. असे सव्वीस हंगाम चालले. मग जिनिंग बंद पडली. हबीबभाई अकोल्याला मुलाच्या गादीच्या दुकानात राहायला गेले. त्यांचे कान जिनिंगनेच नेले होते. फोनवर बोलणे शक्य नव्हते.

म्हणून मिस्ड कॉल. रोज चार वाजता महादेवराव फोन लावत. हबीबभाईंच्या हातातला फोन थरथरे. दुसऱ्या रिंगला ते कॉल कापत. जुन्या बटणांच्या फोनवर दोनाचा आकडा दाबून धरला की हबीबभाई. धामणगावच्या दुकानदाराकडून महादेवरावांनी ते मुद्दाम लावून घेतले होते.

"पण त्यात बोलणं काय होतं?" मी विचारले.

"बोलाचं काय हाये त्याच्यात? मी म्हनतो चाल. तो म्हनते आलो."

ते बाहेर बाकावर बसले आणि मी लॉग काढला. लॉग म्हणजे फोनच्या वापराची आपोआप होणारी नोंद. ती पाहायची परवानगी ट्रायलच्या कागदावर सगळ्यांनी दिली होती. रोज दुपारी चारला एक कॉल. बोलणे, शून्य सेकंद. शेरा, समोरच्याने कापला. आमच्या नियमाप्रमाणे रोज फोन कापणारा माणूस म्हणजे बोलायची इच्छा नसलेला माणूस. दहाव्या दिवशी फोनने हबीबभाईंना पानावरून उतरवले. त्यांच्या जागी कृषी केंद्राचा मालक आला, कारण त्याच्याशी बियाण्याच्या तक्रारीवरून लांब बोलणी झाली होती.

"त्या बियानंवाल्याचं थोबाड मी काहून पाहू रोज?" मी आत बोलावून हे सांगितल्यावर महादेवराव म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्त होते.

जुना फोन मात्र मी देऊ शकत नव्हतो. सगळ्यांचे जुने फोन अभ्यासासाठी पुण्याला गेले होते.

"घरचं कोणी लावून देत नाही का?"

"रातच्यानं सून लावून देते. त्याचा पोरगा उचलते. अब्बा ठीक है, म्हनते. ते समजलं ना. पन चार वाजता घरी कोनी नसते. वेचनी चालू हाये, सारे वावरात. मी हे गुडघे घेऊन कापसाच्या गंजीपाशी बसतो आन घड्याय पायतो."

मी आठ दिवस मागितले. नवा फोन त्यांनी नाइलाजाने परत खिशात टाकला.

दोन दिवसांनी अकोल्यात दुसरे काम होते. तिथून गादीच्या दुकानात गेलो. चारला पाच मिनिटे कमी होती. हबीबभाई गाद्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. फोन तळहातावर होता. शेजारी चहाचा कप, वर बशी झाकलेली.

"पंधरवडा होत आला," त्यांचा मुलगा म्हणाला. "चारले चाय ठेवतो, पन पिऊन नाई राहिले. रुक, म्हनते. सहा वाजता थंडीच पितात. आमी सांगतो, महादेवचाचा ठीक हायेत, फोन नवा हाये. मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

मी महादेवरावांच्या फोनच्या कामासाठी आलो, असे मुलाने त्यांना हातवारे करून सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहून मूठ ओठांपाशी नेली, दोनदा हलवली आणि बोटे उघडून तळवा वर केला. चहाची हाक का येत नाही, असा तो प्रश्न होता. त्याच्या उत्तराची खूण मला येत नव्हती. मी नुसती मान हलवली. चार वाजून गेले.

पुण्याशी बोलणे दुसऱ्या दिवशी झाले.

"एका म्हाताऱ्यासाठी डिझाइन बदलायचं?" नचिकेत सरांनी विचारले.

"बदलायचं नाही. एक फोटो पक्का करता आला पाहिजे. भिंतीवर खिळा ठोकून लावतात तसा."

"एक खिळा दिला की लोक भिंतभर खिळे मागतात. मग रंग मागतात. मग मुलगा येऊन सगळं उलटंपालटं करतो, आणि बाप म्हणतो फोन अवघड आहे. हे मी चार फोनांत पाहिलंय."

"त्यांच्या जुन्या फोनात एक खिळा होता, सर. त्यांना अवघड गेला नाही."

"शून्य सेकंदाचा कॉल म्हणजे न झालेला कॉल. हे एकाचंच निघालं तर मी काही करणार नाही. बाकीचे लॉग बघा."

मी दोन दिवस लॉग पाहिले आणि घरोघरी फोन करून विचारले. शून्य सेकंदाचे कॉल जवळजवळ सगळीकडे होते. वावरात लाइट आली की मोटारीपाशी बसलेला भाऊ घरी एक रिंग देई. शेंदूरजनाघाटचा एक संत्रा बागायतदार गाडी भरली की व्यापाऱ्याला दोन रिंग देई. वलगावची एक बाई दूध निघाल्याचे रिंगवरच कळवत होती. सगळ्यांचीच ही माणसे फोनने एकेक करून मागच्या यादीत टाकली होती. इतरांना वाचता येत होते, म्हणून त्यांनी तक्रार केली नव्हती.

नचिकेत सरांनी कागद वाचला. मग त्यांनी फोन केला.

"एक," ते म्हणाले. "एकच खिळा. दुसरा मागायला येऊ नका."

अपडेट यायला आठाचे बारा दिवस झाले. मी महादेवरावांच्या घरी गेलो. हबीबभाईंचा फोटो मागच्या यादीतून काढून दिला. फोटो दाबून धरला की त्यावर एक छोटा खिळा उमटे आणि खाली माझे वाक्य येई, 'इथेच ठेवा.'

"दाबून धराचं? हे तर मले येते," असे म्हणून त्यांनी ते स्वतः केले.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाई त्या दिवशी घरीच होत्या. "लहाना पोरगा पुन्याले हाये, पोरगी यवतमायले हाये," त्या म्हणाल्या. "आन खिया कोनाले, तर हबीबभाईले!"

"पोराले बोलता येते," महादेवराव म्हणाले. "तो बोलून बोलून वरतच राह्यते."

चार वाजता त्यांनी फोटोवर बोट ठेवले. एक रिंग गेली. दुसरी गेली. कॉल कापला गेला. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि सुमित्राबाईंकडे पाहून म्हणाले, "टाक चाय."

ट्रायलचा दुसरा टप्पा लागला. फोन लोकांकडेच राहिले आणि लॉग येत राहिले. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर चारचा कॉल बदललेला दिसला. आता तो दुसऱ्या रिंगला कापला जात नव्हता. शेवटपर्यंत वाजून आपोआप बंद होत होता. शेरा, उत्तर नाही. रोज. मी महादेवरावांना फोन केला.

"हबीब गेला," ते म्हणाले.

मी चारच्या कॉलबद्दल विचारले.

"त्याच्या पोरानं फोन तसाच ठेवला हाये. दुकानात, त्याच्या जागेवर. रोज चार्जिंग करते. चार वाजता तिथं वाजते. तेवढं होऊ द्या, साहेब."

त्याच महिन्यात पुण्याहून मेल आला. खिळा ठोकलेला माणूस तीस दिवस उत्तर देत नसेल, तर त्याला काढायचे का, हे फोनने वापरणाऱ्याला विचारावे, असे ठरले होते. त्या प्रश्नाचे मराठी वाक्य मी लिहायचे होते. मी तेवढा रकाना रिकामा ठेवून वाक्यांची यादी परत पाठवली. नचिकेत सरांचा फोन आला.

"एक वाक्य राहिलंय."

"राहिलेलं नाही, सर. लिहिलेलं नाही." मी त्यांना अकोल्याच्या दुकानात चार वाजता वाजणाऱ्या फोनबद्दल सांगितले.

त्यांनी तो प्रश्न यादीतून काढून टाकला. फोन बाजारात गेला, तेव्हा त्यात खिळा एकच होता. कोणाला काढायचे का, हे तो विचारत नव्हता. कंपनीच्या माहितीपत्रकात याची नोंद 'सोपेपणा' या सदराखाली होती.