चौकशीबाई

वर्गात आल्या की भूगोलाच्या बाई आधी न आलेल्यांची नावं विचारायच्या. "ती का नाही आली?" ताप, पाहुणे, सोयाबीनची काढणी, कुणीतरी काहीतरी सांगायचं. तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. शाळा सुटली की त्या मुलीच्या घरी जाऊन यायच्या आणि मगच कळंबची एसटी धरायच्या. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावानं त्यांचं नाव चौकशीबाई पाडलं. त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त होती.

शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून मिळवला होता. वह्या दप्तरात ठेवायच्या, गोल करून बसायचं आणि ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. "मार्क नाहीत. पण कुणाला हसायचं न्हाय," एवढाच नियम. पहिले काही शनिवार आम्ही नुसते बसून राहिलो. त्याही बसून राहिल्या. मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. कुणाचे वडील पिऊन मारत होते, कुणाला रस्त्यात पोरं अडवत होती. ज्याला आम्ही 'बायल्या' म्हणून चिडवायचो, तो आई गेल्यापासून सगळ्या घराच्या भाकरी थापत होता. ते कळल्यावर चिडवणं आपोआप थांबलं.

नववीत माझ्या शेजारी सारिका बसायची. एका शनिवारी ती म्हणाली, "माझं लग्न ठरलंय." मागून कुणीतरी हसलंच. बाईंनी तिकडं पाहिलंही नाही.

"तुला करायचंय?"

सारिकानं नुसतीच मान हलवली. नाही.

त्याच दुपारी बाई तिच्या घरी गेल्या. मी सोबत होते. तिचे वडील म्हणाले, "बाई, तुमी भूगोल शिकवा. घरचं आमचं आमी बघतो." मग बाईंनी तक्रार केली. ग्रामसेवक आले, पोलीस आले, अठरा वर्षांच्या आत लग्न करणार नाही असं वडिलांकडून लिहून घेतलं. सोमवारी सारिका शाळेत आली. आम्हाला वाटलं, मिटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती परंड्याकडं मामाच्या गावी गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती. लग्न तिकडंच उरकलं होतं. बाईंनी पुन्हा तक्रार केली, पण या वेळी साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. उलट बाई पोरी बिघडवतात, असा पालकांचा अर्ज संस्थेकडं गेला आणि शनिवारचा तास बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात सारिका बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

बाई तिच्या आईला भेटायला आल्या. आई रडत नव्हती. म्हणाली, "तुमी लिहून घेतलं अन् गेलात. सुट्टीत कुणी फिरकलं न्हाय. एकदा जरी आला असता, तर मालकाला अडवायला मला बळ आलं असतं. एकटीला न्हाय जमलं, बाई." 

दहावीनंतर मला स्थळं यायला लागली आणि बाई दर रविवारी आमच्या घरी यायला लागल्या. लग्नाचा विषय नाही. आईशी म्हशीबद्दल बोलायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. दिवाळीतही आल्या, भर मे महिन्यातही. एकदा वडील त्यांना बघून उठून आत गेले. बाईंनी चहा संपवला. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. शेवटी एका स्थळाला वडील माझ्यादेखत म्हणाले, "आत्ता न्हाय जमायचं. रविवारी ती बाई यील, तिला काय सांगू?"

मी नर्स झाले. पेढे घेऊन कळंबला गेले तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या.

"तुम्ही येत राहिलात म्हणून झालं, बाई."

"येत राहायचं असतं, हे मला सारिकाच्या आईनं शिकवलं," त्या म्हणाल्या. "लई उशिरा शिकले."

मी दिलेला पेढा तसाच त्यांच्या हातात होता. मग त्यांनी विचारलं, "ड्युटी कुठं?"

"बाळंतिणींच्या वॉर्डात."

"सोळा-सतराच्या येतात का गं अजून?"

"येतात."

बाईंनी पेढा ताटलीत ठेवून दिला.