स्टोअरमधली काळी फळी

आमची बटालियन शांतिसेनेच्या ड्युटीवर आफ्रिकेत होती. मी क्वार्टरमास्टर स्टोअरचा नायब सुभेदार. रेशन, तंबू, पाणी, डिझेल आणि या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. शेजारच्या कुंपणात व्हिएतनामी सैन्याचं फील्ड हॉस्पिटल होतं. मधे एक गेट. ते सकाळी सहाला उघडायचं आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात लान्स नायक परब हसत स्टोअरमध्ये आला. परब माझा ड्रायव्हर, विक्रोळीच्या चाळीतला. मी मुलुंडचा, म्हणून तो मला गाववाला समजायचा.

"साहेब, शेजारचा कॅप्टन आलाय. अंड्याची टरफलं मागतोय."

"अंडी?"

"अंडी नाय ओ, टरफलंच. मी म्हटलं, खुशाल ने. आपल्याकडे कचऱ्याला काय तोटा?"

कॅप्टनचं नाव तुआन. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, जाड चष्मा. हॉस्पिटलचं ऑफिस तो सांभाळायचा. पुढे वर्षभर तो रोज चार वाजता आमच्या कुकहाऊसला चहाला यायचा. त्याची माहिती मला तिथेच मिळाली, थोडी इंग्रजीत, थोडी आमच्या जवानांकडून उचललेल्या हिंदीत. तो लेखक होता. मायदेशात त्याची कथांची दोन पुस्तकं छापली होती. शिवाय चित्रकार. वडिलांचं चित्रांचंच वर्कशॉप होतं, नदीकाठच्या गावात. लहानपणी शाळेतून आल्यावर त्याने फळ्या घासायच्या आणि घासता घासता वडिलांच्या गोष्टी ऐकायच्या. दोन्ही कामं एकाच ओट्यावर शिकलो, असं तो म्हणायचा.

चित्राची पद्धत अशी. लाकडी फळीवर झाडाच्या चिकापासून केलेल्या रंगांनी चित्र काढायचं. त्या रंगांत पांढरा नीट उतरत नाही, म्हणून तिथे टरफलाचे बारीक तुकडे बसवायचे. मग काळ्या चिकाचे थर देऊन सगळं चित्र झाकून टाकायचं. वाळल्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं. जेवढं घासाल तेवढं चित्र वर येतं.

या चिकाचं उलटंच, थर वाळायला दमट जागा लागते. माझ्या स्टोअरमध्ये भाजीवर ओली पोती टाकलेली असायची. त्याने कोपरा मागितला, मी दिला. बाहेरचं सामान ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून ती फळी मी यादीत लिहिली नाही. माझ्या नोकरीतली यादीबाहेरची ती एकच वस्तू.

"चित्र कशाचं आहे?" मी एकदा विचारलं.

"अभी कुछ नहीं. सिर्फ काला," तो म्हणाला.

परब त्याच्या मागेच लागला होता. "कॅप्टनसाब, मेरा फोटो बनाओ ना. हीरो जैसा."

"हीरो नहीं. फोटो में मुँह बंद. बँक मॅनेजर."

सगळं कुकहाऊस हसलं. परबचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. एरवी तो खदाखदा हसायचा, पण कॅमेरा दिसला की तोंड घट्ट मिटायचा.

परतीला महिना राहिला होता. एके सकाळी नऊला निरोप आला. बावीस किलोमीटरवरच्या गावात एक बाई बाळंतपणात अडली होती. हॉस्पिटलची अँब्युलन्स आणि आमची एस्कॉर्ट गाडी निघणार होती. व्हिएतनामी ड्रायव्हर तापाने पडला होता, म्हणून अँब्युलन्सवर परबला दिला. यादीत नाव असल्याशिवाय कॅम्पच्या गेटबाहेर कोणी जात नसे. ड्रायव्हर पहिला, असं करत मी सहा नावं लिहिली. तेवढ्यात तुआन धावत आला. पेशंटशी बोलून बोलून त्याला तिथली भाषा जमू लागली होती.

"नायब साब, मेरा नाम लिखो."

मी घड्याळ पाहिलं. नऊ बावीस. सातवं नाव लिहिलं.

अकरा चाळीसला रेडिओ वाजला.

"फायरिंग. परतताना, नाल्याजवळ. दोन कॅज्युअल्टी, दोघंही गेले. ओव्हर."

"नावं सांग. ओव्हर."

मी यादी पुढे ओढली.

"पहिलं आणि सातवं. ओव्हर."

गोळी लागल्यावरही परबने अँब्युलन्स नाल्यापार काढली. मग थांबवली आणि हँडब्रेक ओढला. बाई वाचली. तिला त्याच दुपारी मुलगी झाली.

पुढच्या बटालियनला चार्ज द्यायचा होता. मी स्टोअर मोजायला घेतलं आणि कोपऱ्यात फळी सापडली. काळी, कोरी. यादीबाहेरचं सामान निघालं असतं तर माझी वाट लागली असती. त्याने चित्र सुरूच केलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. मी ती जाळायच्या ढिगावर ठेवली. ढीग चारला पेटवणार होते.

तीनला हॉस्पिटलच्या मेजर बाई आल्या. "तुआनची फळी?"

"मॅडम, ती कोरी आहे."

मी फळी ढिगातून काढून आणली. त्यांनी पाणी मागितलं, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि मधल्या भागावर अंगठ्याएवढी जागा घासली. दहा मिनिटांनी काळ्यातून पांढरा ठिपका वर आला.

"चित्रात तुमचा ड्रायव्हर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघाल त्या दिवशी तुआन त्याला देणार होता. तुआनची बायको हेच काम करते. ती पूर्ण करेल."

त्यांनी माझा पत्ता मागितला.

आता मी रिटायर्ड आहे. मरोळला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. गेल्या वर्षी मुलुंडला व्हिएतनामहून पार्सल आलं. मी ते न फोडता विक्रोळीला परबच्या आईकडे नेलं. भिंतीवर परबचा सैन्यातला फोटो होता, तोंड मिटलेला. आईने स्वतः कागद सोडला, फळी पदराने पुसली.

"ह्या कोणी काढल्यान?"

मी सगळं सांगितलं. ढिगाचंही सांगितलं.

"तो पण गेलो?"

"त्याच गाडीत, आई."

परब फळीवर खदाखदा हसत होता. दात टरफलाचे होते. आईने त्यांवरून बोट फिरवलं. अर्ध्या दातापाशी ते थांबलं.

"कबड्डीत मोडलो ह्यो. कित्याक लपवी, देव जाणे."

तिने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि त्या खिळ्याला फळी लावली.

यंदा परबच्या तिथीला तिने मला बोलावलं. केळीची दोन पानं वाढून वेगळी ठेवली होती. पानांपुढे नावं घ्यायची होती. दुसरं नाव तिच्या जिभेवर बसत नाही, म्हणून म्हणाली, "तूच घे रे."

मी उभा राहिलो. लान्स नायक परब. कॅप्टन तुआन.