चंदनाशेजारचा करंज

विजयनगरातल्या आमच्या अंगणात चंदनाचं झाड आहे आणि माझ्या जिवाला त्याचा घोर आहे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निवृत्तीनंतर ते रोपापासून वाढवलं. विकायचं नाही, आपल्या मागे ते इथं उभं राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी ते पायाच्या ऑपरेशनसाठी माझ्या भावाकडे बेंगळुरूला गेले आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतलं चंदन चोरांनी मुळासकट नेलं.

झालं! शाळेत फळ्यावर लिहितानाही माझं लक्ष अंगणात. फाटक वाजलं की धावले, कुत्रं भुंकलं की खिडकीत. नवरा म्हणे, सुम्ने बस की गं जरा. गप्प बसवतंय कुणाला? मी कॅमेरा लावून घेतला. तर चंदनाला खेटून वाढलेला करंज नेमका आड येत होता. मेल्याच्या पानांचा कचरा काढून तशीही मी वैतागलेच होते. माणूस बोलावला, करंज मुळासकट उपटून टाकला आणि त्या जागी फरशी घातली. आता मोबाइलवर चंदन बुंध्यापासून शेंड्यापर्यंत स्वच्छ दिसायचं.

दोन-तीन महिन्यांत त्याची पानं पिवळी पडू लागली. मी पाणी वाढवलं, शेणखत घातलं. शेंडा वाळतच गेला.

अण्णा परतले ते वॉकर धरून. फाटकातच थबकले.

"करंज कुठाय?"

मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि पायरीवर टेकले.

"चंदन एकटं जगत नाही, बाळ. शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी घेतं ते. म्हणून तर करंज आधी लावला होता."

अय्यो! इतकी वर्षं याच अंगणात वावरले, एकदाही विचारलं नाही मी. आमच्याकडे चंदनाचं कौतुक सगळ्यांना, करंजाकडे बघतो कोण?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी फोडायला लावली. वीतभर उंचीचं करंजाचं रोप मी लावलं. हे मोठं होईतो चंदन तग धरेल का, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, पाणी घालत राहा.

ते मला एका शब्दानं रागावले नाहीत. चोरांनी नेलं असतं तर शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं. आता रोज सकाळी बादली घेऊन जाते आणि वर बघायचं टाळते.