सुगरताबाईंच्या गावची बस

देवरीच्या बैठकीहून परतताना गाडीची काच खाली केली आणि मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आत शिरला. मी आता विद्यापीठाची कुलगुरू आहे, पण त्या वासानं मला थेट जुन्या वर्दीत नेऊन उभं केलं.

तेव्हा मी याच नक्षलग्रस्त जंगलपट्ट्यात पोलीस अधिकारी होते. गस्तीवर एका गावात थांबलो होतो. अंगणात चटईवर मोहफुलं वाळत होती. ती हातानं परतत बसलेल्या सुगरताबाईंनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, पोरीनं आश्रमशाळेतून बारावी केली. आता देवरीच्या कॉलेजात जातो म्हणते. बस कायले बंद केली?"

"रस्ता धोक्याचा आहे, बाई."

"तुमची गाडी तं रोजच येऊन राहिली."

दारात त्यांची मुलगी माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती.

मी वर कळवलं, पुन्हा कळवलं. बस सुरू झालीच नाही. त्याच वर्षी मुलीचं लग्न लागलं आणि माझी बदली दिल्लीला, देशाच्या सुरक्षेच्या कामावर झाली. तेव्हा वाटायचं, अधिकार वाढला की हे सुटेल.

आज बैठकीत मी त्या गावांतल्या मुलींच्या शिक्षणाचा विषय काढला. "तिकडून मुली येतच नाहीत," जमलेले सगळे प्राचार्य म्हणाले. बस नाही म्हणून येत नाहीत, असं मी सांगितलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तो आपला विषय नाही."

पोलिसात असताना तो वरच्यांचा विषय होता, दिल्लीत राज्याचा. तिन्ही खुर्च्यांवर बसून झालं, पण तो नेमका कुणाचा विषय आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.