देहरंगाची गाडी

माझ्या टेबलावर, खिडकीशी, वीतभर लांबीचा एक बदामी तुकडा ठेवलेला असतो. व्हिडिओ कॉलवर तो तुम्हाला दिसतो आणि धाकट्याला तो दर वेळी पाव वाटतो. तो पाव नाही. तो आपल्या जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचा, हात टेकायचा भाग आहे. त्यावर ज्या चार खाचा आहेत त्या तुमच्या आईच्या बोटांच्या. त्या कशा उमटल्या हे फोनवर सांगायला लागले की मध्येच कुणाची तरी शाळेची बस येते, म्हणून लिहूनच काढते.

गाडी आमच्या पेणच्या घरी आली तीच मुळी दुसऱ्याने वापरलेली. बाहेरून पांढरी. आत डॅशबोर्ड, दारांची रेक्झिनची अस्तरं, हात टेकायच्या छोट्या गाद्या, सगळं एका फिकट बदामी रंगाचं. आजोबा रोह्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला जायचे ते कंपनीच्या बसने. गाडी रविवारची. रविवारी सकाळी ते डोक्याला खोबरेल तेल लावत आणि तळहातावर जे उरेल ते गाडीच्या आतल्या रेक्झिनला चोळत. रेक्झिन काही दिवस झकास चमकायचं. धूळही झकास धरायचं. मी पुष्कळदा म्हटलं, पण त्यांचं म्हणणं, केसांना चालतं तर हिला का नाही. वर्षं गेली तसा उन्हाने रंग उडाला, डॅशबोर्डला भेगा पडल्या, दारांची अस्तरं वाळलेल्या झावळीसारखी दिसायला लागली आणि हात लावला की त्यांचा भुसा निघायला लागला.

तुमच्या आईचं लग्न ठरलं तेव्हा गाडीची ही अवस्था होती. लग्न रोह्याला व्हायचं होतं, कारण तुमच्या बाबांच्या आजीला प्रवास झेपत नव्हता. मुलीला घेऊन आपणच पेणहून जायचं. आजोबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "नवरीला मी नेणार. आपल्या गाडीतून."

याच गाडीत ते तिला दहावीच्या परीक्षेला सोडायला गेले होते. याच गाडीत, मिठागरांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, त्यांनी तिला चालवायला शिकवलं होतं. एकदा गाडी चिखलात उतरली तेव्हा मिठागरावरच्या माणसांनी हसत हसत ढकलून वर काढली होती. यातलं काहीच ते बोलले नाहीत. पण त्यांना ते किती हवं होतं हे मला कळत होतं, कारण त्या दिवसापासून ते गाडीबद्दल बोलायचेच थांबले.

अडचण होती आत्यांची. आत्या म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच आजोबांना वाढवलं होतं, म्हणून आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"या खटाऱ्यातून?" आत्या म्हणाल्या. "व्याही दारात ओवाळायला उभे असतील आणि नवरी उतरेल ती शालूला भुसा चिकटवून."

"इंजिन ठणठणीत आहे, ताई."

"नवरी इंजिनावर बसणार आहे का?"

शेवटी आत्यांनीच तोडगा काढला. अलिबागहून एक नवी भाड्याची गाडी त्या सांगून ठेवणार. आदल्या दिवशी त्या आपली गाडी बघणार. पटली तर हिच्यातून, नाही तर भाड्याच्या गाडीतून.

पेणमध्ये सीटची कव्हरं शिवणारा एक जण होता. तो म्हणाला, या रंगाचं रेक्झिन आता येत नाही, काळं लावून देतो. नवरीच्या गाडीत काळं नको, असं मीच म्हटलं. मग मला हमरापूरची आठवण झाली. मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका मुलीची आई तिथे गणपतीच्या मूर्ती रंगवायची. दाराचं एक अस्तर सोडवून, ते काखेत मारून आजोबा माझ्याबरोबर आले.

रंगवणाऱ्या बाईंनी ते उलटून पाहिलं. जिथे ऊन लागलं नव्हतं तिथे, कडेला, मूळ रंग टिकला होता.

"बाई, हा तर आमचा देहरंग हाय," त्या म्हणाल्या. देहरंग म्हणजे गणपतीच्या अंगाचा रंग. बदामी, आत थोडी गुलाबी झाक. मग त्यांनी अस्तर नाकाशी नेलं. "ह्याला खोबरेलाचा वास येतो, तो कसला?"

आजोबा छपराकडे बघायला लागले.

"दर रविवारी," मी म्हटलं.

"मग रंग बसायचा नाय. आधी तेल काढून आणा."

"पुसून आणतो," आजोबा म्हणाले.

"पुसून नाय, सायेब. घासून."

त्यानंतर आमच्या अंगणात जे चाललं ते बघायला शेजारीपाजारी येत. आजोबांनी गाडी आतून पार मोकळी केली. मी प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळे राहावेत म्हणून मसाल्याचा डबा रिकामा करून एकेका वाटीत एकेका दाराचे स्क्रू ठेवले आणि वाट्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मोहरी, हळद, जिरं पेल्यांत गेलं. एका दुपारी आमच्याकडे आलेल्या आत्यांनी फोडणीसाठी सवयीने डबा उघडला आणि म्हणाल्या, "तुझ्या घरात आता वरणातही गाडी का?" धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी आणि काथ्या घेऊन आम्ही तिघं बसलो. तुमच्या आईला मी सांगत होते, लग्नाच्या मुलीचे हात खराब होतील. ती म्हणाली, "होऊ देत. माझीच गाडी आहे." पाणी चहासारखं तपकिरी निघालं. बाकी सगळं कोरडं खडखडीत झालं. मागच्या डाव्या दाराची हात टेकायची गादी मात्र दाबली की वास यायचा. तेल आतल्या फोमपर्यंत गेलं होतं. आजोबांनी ती उन्हात ठेवली आणि झालं म्हणाले.

मे महिना. हमरापूरच्या कारखान्यात गणपतींच्या रांगा लागलेल्या. बाईंनी आमची दारांची अस्तरं मूर्तींच्या मधेच भिंतीला टेकवून उभी केली होती. मूर्तीचा रंग पाण्याचा, तो रेक्झिनवर टिकत नाही, म्हणून तेलाचा रंग घेऊन त्यात त्यांनी तीच छटा कालवली. एक पातळ हात फवारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. रंग झालेले गणपती अजून डोळ्यांवाचून होते. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. तुमची आई त्यांच्यात उभी राहून म्हणाली, "हे सगळे आपल्याच गाडीचे नातेवाईक दिसतात."

"शोभंल ना, सायेब?" बाईंनी आजोबांना विचारलं. "डोळे तेवढे राह्यले. सांगा, आखून देते."

आजोबा कितीतरी दिवसांनी हसले. निघताना बाईंनी ती गादी वेगळी काढून दाखवली. "ही अजून हाताला लागते गो," त्या तुमच्या आईला म्हणाल्या. "हिला आनखी दिवस पायजेत."

दिवस उरलेच नव्हते. "हिला कुणी हात लावणार नाही," आजोबा म्हणाले आणि गादी जागेवर बसवली.

आदल्या दिवशी आत्या गाडीपाशी आल्या. आजोबांनी मागचं दार उघडलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरले. ऊन तिरपं आत पडलं होतं. आत्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"कुठला रंग हा?"

"देहरंग, आत्या," तुमची आई म्हणाली. "गणपतीचा. हमरापूरला काढला."

आत्यांनी डॅशबोर्डला बोटं लावली आणि नकळत तीच बोटं छातीशी नेली. मग त्या आत बसल्या, पण आधी पायातल्या चपला काढून अंगणात ठेवल्या.

"आता यात चपला घालून बसायचं कसं?" त्या म्हणाल्या.

"मग अलिबागच्या गाडीचं काय?" आजोबांचा आवाज अगदी बारीक आला होता.

"नको म्हणून कळव."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अनवाणी निघालो. चपला एका पिशवीत. आत्या पुढे, मांडीवर ओटीचं ताट. मागे मी आणि तुमची आई. ती डाव्या दाराशी. नागोठण्यापर्यंत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून वर्गात बसावं तशी बसली होती. पुढे भिसे खिंड लागली. ती ओलांडली की रोह्याची बाजू सुरू होते. चढावर आजोबांनी गाडी फारच हळू घेतली. तेवढ्या हळू घ्यायची गरज नव्हती. तुमच्या आईने मागे वळून काचेतून पाहिलं, आणि मग वळणावर तिचा हात आपोआप त्या गादीवर गेला. तिने ती घट्ट धरली. मी पाहिलं. आजोबांनीही आरशातून पाहिलं. तिला सोड म्हणून कुणीच सांगितलं नाही.

तिने हात उचलला तेव्हा तो फणसाच्या चिकातून निघावा तसा निघाला. मेंदीवर सगळा देहरंग.

"काय झालं?" आत्या मागे न वळताच म्हणाल्या.

"काही नाही."

"दाखव."

आजोबांनी खिंडीतच गाडी बाजूला घेतली. आत्यांनी आपल्या सामानाची पिशवी उपसली, खोबरेलाची बाटली काढली आणि नवरीचा तळहात चोळायला बसल्या. रंग सुटायला लागला.

"ताई, तेल तसं वाईट नसतं," रस्त्यावर अनवाणी उभे असलेले आजोबा म्हणाले.

"तू गप्प बस."

तुमची आई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पाणी थांबेना, आणि आत्या तिचा हात पुसून झाला तरी धरूनच राहिल्या. हातावरच्या रेषांत थोडा रंग उरला होता. पाणिग्रहणाच्या वेळी तो तुमच्या बाबांना दिसला. त्यांना ती हळद वाटली, असं ते अजून सांगतात.

परतताना मागे माझ्या शेजारी आत्या बसल्या. गादीला धक्का लागू नये म्हणून त्या अंग चोरून, माझ्याकडे सरकून बसल्या होत्या. पुढे आठवड्याने बाईंनी निरोप पाठवला की गादी आणा, नवा हात मारून देते. आजोबांनी नेली नाही. बोटांच्या खाचा तशाच वाळल्या. गाडी भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा भंगारवाला दारात उभा असताना आजोबा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर गेले आणि हा एक तुकडा सोडवून घेऊन आले.

पुढच्या वेळी याल तेव्हा थोरलीने त्यावर बोटं ठेवून बघावीत. आता बहुतेक बसतील. रंग कधीच वाळलाय, हाताला लागत नाही. फक्त मे महिन्यात दुपारचं ऊन खिडकीतून त्यावर आलं की त्याला आजोबांच्या डोक्याचा वास येतो.